तीन पिसांचे पक्षी आणि राजाचे नाक

एका राज्यात, जिथे सूर्य रोज हजेरी लावी आणि रोज कुणीतरी त्याला लुबाडत असे, संचितसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, देखणा होता, न्यायी होता. पण त्याच्या हातून काही म्हणून सुटत नसे. दुपारचा लाडू तो संध्याकाळसाठी ठेवी, संध्याकाळचा सकाळसाठी, आणि सकाळी त्याला बुरशी धरली की ती बुरशीही डबीत भरून ठेवी. राणी शरावतीने अशा डब्या दोनदा फेकून दिल्या. तिसऱ्यांदा राजा त्या उशाशी घेऊन झोपला.

या राज्यात कोणतेही काम अंगच्या बळाने होत नसे. ते होई पक्ष्यांच्या बळाने. मुठीएवढे ते पक्षी, शेपटीत बरोबर तीन पिसे. म्हणून लोक त्यांना तिपिसे म्हणत. कुणाला मुसळ उचलायचे असो, झोका द्यायचा असो की शेजारणीशी भांडायचे असो, एक तिपिसा येऊन खांद्यावर बसे आणि शेपटीचे शेवटचे पीस कट्कन मोडून टाकी. पीस वाऱ्यावर निघून जाई, माणसाच्या अंगात जोर येई, काम होई. मग पक्षी म्हणे, "येतो." आणि उरलेल्या दोन पिसांनिशी वाकडातिकडा उडत जाई. थोड्या वेळाने पाहावे तर स्वारी तीन पिसे लावून हजर. तो कुठे जातो, पीस कोण लावून देतो, हे कुणी कधी विचारले नव्हते. चालले आहे ना, मग चालू द्यावे, अशी त्या राज्याची रीत.

रीत आणखी एक होती. पक्षी "येतो" म्हणाला की माणसाने "ये" म्हणायचे. लहान पोरे म्हणत, म्हातारेकोतारे म्हणत, भांडणाऱ्या बायकासुद्धा भांडण क्षणभर थांबवून म्हणत. राजा तेवढा कधी म्हणत नसे. त्याला पक्ष्याचा शब्द ऐकूच येत नसे. दिसे ती जाणारी पाठ.

एकदा अवघडनाथ नावाचा मांत्रिक दूरदेशाहून पाहुणा आला. राजाने त्याचे पाय धुतले, चंदन लावले आणि पानात अर्धा लाडू वाढला.

"उरलेला अर्धा?" मांत्रिकाने विचारले.

"तो उद्याचा," राजा म्हणाला.

मांत्रिकाने लाडू खाल्ला, हात धुतले, आणि झोळीतून एक सोन्याचा पिंजरा काढला. "राजा, तुझ्यासारख्याला साजेशी भेट देतो. या नगरात उडणारा प्रत्येक पक्षी याच्यात ओढला जाईल. आत गेलेला पक्षी पीस टाकणार नाही. दार उघडेल ते फक्त तुझ्या हाताने." एवढे बोलून तो निघाला. तो शाप देऊन गेला हे सगळ्या दरबाराला कळले. राजाला वाटले, आहेर मिळाला.

दुसऱ्याच दिवशी पिंजरा अंगणात टांगला गेला, आणि पक्षी ओढले जाऊ लागले. राजा पुढ्यात पाट मांडून बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "केवढे हे बळ! आणि आजवर आपण ते रोज उडवून लावत होतो!"

इकडे बाजारात भजी तळणारा झारा वर धरून उभाच राहिला. पाणी शेंदणाऱ्या बाईचा पोहरा अर्ध्यात लोंबकळला. दोन पैलवान एकमेकांच्या मिठीत अडकले ते अडकलेच. राणी शरावती तरातरा अंगणात आली, राजासमोर बोट उगारून म्हणाली, "महाराज, मी शेवटचं सांगते, हे पक्षी आत्ताच्या आत्ता..." आणि तिथेच थिजली. बोट राजाच्या नाकासमोर, वीतभर अंतरावर.

राजाला जरा वाईट वाटले. जरा बरेही वाटले.

चालू राहिला तो एक नगारा. तो राज्याच्या जन्मापासून वाजत होता. तो थांबला तर सारे राज्य दगडाचे होईल आणि मग कितीही पक्षी आले तरी पुन्हा हलणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते. नगारा वाजवीत असे डंकनाथ, आणि त्याची बायको केवडा राजवाड्यातल्या पक्ष्यांना दाणे टाकीत असे. केवडा चाळिशीची, हाताने सढळ, तोंडाने त्याहून सढळ. कपाळावर पांढरा ठिपका असलेला टिकल्या नावाचा एक तिपिसा तिच्या अंबाड्यातच राहायचा. तो केसांत गुंतलेला होता म्हणून पिंजऱ्याला सापडला नाही.

"अगं, माझ्याकडे नऊ पक्षी उरलेत," डंकनाथ टिपरी न थांबवता म्हणाला. "पीस लावून लपतछपत परत येतात, तरी रोज तीन त्या पिंजऱ्यात ओढले जातात. तीन दिवस. पुढे काय?"

"अहो, तुम्ही वाजवत राहा," केवडा म्हणाली. "मी त्या कंजूष बाबाशी बोलून येते."

कंजूष बाबा, म्हणजे महाराज, अंगातला उरलासुरला जोर सांभाळीत पाटावर बसून होते. केवडा हात जोडून म्हणाली, "महाराज, दार उघडा. पक्षी जातात ते परत येतात."

"हमी काय?" राजा म्हणाला. "पीस मोडताना मी पाहिले आहे. लागताना कुणी पाहिले? तीन खुणा आण. पीस लावतो कोण, त्याची खूण आण. त्याला शिधा पुरवतो कोण, त्याची आण. आणि त्या शिध्याचे मूळ कुठे, त्याची आण. तोवर पिंजरा बंद."

केवडाने मनातल्या मनात राजाला जे म्हटले ते इथे सांगण्याजोगे नाही. अंगात उरलेल्या जोरावर ती मुकाट्याने वेशीबाहेर पडली, कारण पिंजऱ्याची ओढ वेशीपर्यंतच होती. तिथे तिने अंबाडा सोडला.

"टिकल्या, तू पीस लावायला जातोस तिकडे मला ने."

"एका पिसाचा जोर शंभर पावलांचा," टिकल्या म्हणाला. "माझ्यामागे ये." त्याने पीस मोडले. "येतो."

"ये," केवडा म्हणाली आणि त्याच्या मागे धावली. शंभर पावले झाली आणि ती मटकन खाली बसली. पक्षी परत आला, पीस मोडले, पुन्हा शंभर पावले, पुन्हा मटकन. रस्त्यात एक कासव तिला मागे टाकून गेले. जाताना त्याने मान वळवून पाहिले, हा अपमान केवडा पुढे जन्मभर सांगत असे.

दिवस उतरणीला लागला तेव्हा दुहेरी भिंतींची एक थोरली भट्टी लागली. तिथे जालंधरी नावाची जादूगारीण राहत असे. ती मूळची या राज्याची नव्हे. पहिला राजा राक्षसकुळातला. त्याने हिच्या खापरपणजीला भुकेपोटी गिळले, पण ती काही पचली नाही. शेवटी पोटातल्या पोटात तह झाला: तिने बाहेर येऊन राज्यातच राहायचे, खायचे, आणि बदल्यात पक्ष्यांना पिसे लावून द्यायची. तेव्हापासून ती गादी आईकडून लेकीकडे जाते, आणि त्या घरात कायदा चालतो तो त्यांचाच.

"गिऱ्हाइकांचा दुष्काळ पडलाय!" जालंधरी ओरडली. "नगाऱ्याचे मोजके पक्षी आणि हा, एवढेच येताहेत. बाकीचे मेले कुठे?"

"राजाने कोंडले," केवडा म्हणाली.

"तरीच! बघ माझी दशा."

केवडाने पाहिले. दोन भिंतींच्या मधल्या बोळात चिंगे नावाची चिमुकली भुते खचाखच भरली होती. भट्टीत साखर पायरीपायरीने जळे, दर पायरीच्या चटक्यासरशी काही चिंगे घरातून उडून त्या बोळात पडत. तिथून घरात परतायला वाट एकच, एका चाकाच्या पोटातून. चिंगे रेटारेटी करीत आत घुसत, त्या रेट्याने चाक फिरे, आणि चाक फिरले की दुपिशा पक्ष्याच्या शेपटीला तिसरे पीस ठोकले जाई. पण ठोकायला पुरेसे पक्षीच नाहीत, म्हणून चाक अडले, चिंगे अडकले, आणि साखरही जळेनाशी झाली होती. टिकल्या चाकावर बसला. चाक एकदा फिरले, खट्ट झाले, आणि आत आलेल्या चिंग्यांनी अशी काही आरोळी ठोकली की लग्नाची वरात निघाली असे वाटावे.

"एवढ्या पायऱ्या कशाला?" केवडाने विचारले. "सगळी साखर एकदम पेटवली की झालं."

जालंधरीने मूठभर साखर घेतली आणि विस्तवात भिरकावली. भप्पकन ज्वाळा उठली. केवडाच्या भुवया गेल्या. चाक जागचे हलले नाही.

"एकदम जाळली की नुसती धग," जालंधरी म्हणाली. "काम हवं असेल तर चटका थोडाथोडा घ्यावा लागतो. हे घे." तिने एक सुटे पीस दिले, अजून कुणाच्या शेपटीला न लागलेले. "राजाला सांग, माझ्या घरात भुतांनासुद्धा उभं राहायला जागा नाही. आणि शिधा पाहायचा तर पुढे मेदाबाईकडे जा."

दुसऱ्या दिवशी शंभर-शंभर पावले टाकीत केवडा मेदाबाईच्या कोठारापाशी पोचली. दाराखालून तुपाचा ओघळ बाहेर आला होता. आतून आवाज आला, "कोण आहे? दार उघडू नकोस, मी अंगावर येईन!"

केवडाने खिडकीतून डोके घातले. कोठारीण मेदाबाई तुपाच्या ढिगावर छताला टेकून बसली होती आणि तिला खाली उतरता येत नव्हते. आढ्याला साखरेच्या लांबच लांब माळा लोंबत होत्या.

"साखर सुटी का नाही ठेवत?" केवडा म्हणाली.

"सुटी साखर पाणी ओढते, बाई. कोठार फुगून भिंती फुटतील. म्हणून चार दिवसांची असेल ती मी माळेत ओवते. आणि पुष्कळ दिवसांची असेल तिचं तूप करते. थोड्या जागेत पुष्कळ मावतं. पण कुणी न्यायला तर पाहिजे! भट्टीवाली घेईना, हिरवेबुवा पाठवायचा थांबेना. बघता बघता मी छताला लागले."

"मूळचं हे येतं हिरवेबुवांकडून?"

"त्याच्याकडूनच. गच्चीवर असेल, फुगून." मेदाबाईने तुपाचा गोळा खिडकीतून तिच्या ओच्यात टाकला. "राजाला सांग, साठवायचं कसं हे मला विचार. आणि त्यातलं रोज बाहेर जायला लागतं, हेही माझ्याचकडून शीक मेल्या, असं सांग. मेल्या हा शब्द गाळू नकोस."

तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी केवडा हिरव्या गच्च्यांपाशी पोचली. वर हिरवेबुवा, अंगापिंडाने हिरवा, जटाही हिरव्या. हाही असाच कुठल्याशा राजाने गिळलेला आणि न पचलेला. तो हिरव्या जाळ्यात ऊन पकडी, त्या उन्हाने पाणी फोडी, आणि वाऱ्याला पाण्याशी बांधून साखर करी. पाणी फोडताना उरे तो वारा निरुपयोगी म्हणून गच्चीवरून फेकून देई. तोच वारा जालंधरीच्या भट्टीला शेवटच्या पायरीवर लागे, आणि तिच्या धुराड्यातून निघे तो वारा याला लागे. एकमेकांच्या कचऱ्यावर दोघांचे संसार चालले होते, तरी दोघांचे पटत नसे.

त्या दिवशी मात्र तो आलेले ऊन दोन्ही हातांनी परत फेकत होता, आणि गच्चीभर तांबूस उजेड पसरला होता.

"हे काय बुवा?"

"साखर उचलायला कुणी नाही! मग ऊन घेऊन करू काय? सूर्याला थांब म्हणता येतं का?"

"मग एक किरण मला द्या. राजाला नेऊन दाखवते." केवडाने झडप घालून किरण मुठीत धरला. मूठ उघडली, आत काही नव्हते. दुसऱ्यांदा धरला, तसेच. तिसऱ्यांदा तिने ओच्यात बांधला, आणि सुटला तो नुसता ओचा.

हिरवेबुवा पोट धरून हसला. "बाई, ऊन धरून ठेवता येत नाही. या हातातून त्या हातात द्यावं लागतं, तेही चटकन. हातात अडवलं की गेलं." त्याने एक हिरवे पान तोडून तिला दिले. "हे ने. मूळ इथे आहे. आणि त्या भट्टीवालीने माझी आठवण काढली होती का?"

"नाही."

"बरं झालं," हिरवेबुवा म्हणाला, आणि जरा हिरमुसला.

केवडा परत फिरली. उतार होता आणि वाट सरळ होती. तरी शंभर पावले आणि मटकन, शंभर पावले आणि मटकन. दूरवरून नगारा ऐकू येत होता. पहिल्यांदा धम्म-धम्म. मग धम्म, आणि मग बराच वेळ काही नाही. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच रडली, आणि रडायलाही जोर लागतो हे ध्यानात येताच तिने डोळे पुसले.

ऊन डोक्यावर आले तेव्हा ती वेशीशी पोचली. वेशीपासून पिंजऱ्यापर्यंत सत्त्याण्णव पावले. वर्षानुवर्षे दाणे टाकत ती वाट तिच्या पायाखालची होती. आत गेल्यावर टिकल्याला पीस लावायला उडता येणार नव्हते. उडाला की पिंजऱ्यात गेलाच. म्हणून तिने वेशीबाहेरच त्याला पीस मोडायला लावले, अंगात आलेला जोर जागच्या जागी उभे राहून सांभाळला, तो तिसरे पीस लावून आला तसा त्याला अंबाड्यात कोंबला, आणि धावत सुटली.

अंगणात पोचली तेव्हा तिच्या पायांत तीन पावले उरली होती. डाव्या हाताला नगारखाना. डंकनाथाचा शेवटचा पक्षी तिच्या डोळ्यांदेखत पिंजऱ्यात ओढला गेला. टिपरी हवेत वर उचललेली होती. ती खाली यायला जोर नव्हता. उजव्या हाताला राजा. पाटावर बसलेला, समोर अख्ख्या राज्याचे बळ किलबिलत असलेला, आणि स्वतः असा थिजलेला की फक्त ओठ हलत होते.

केवडाने पीस, तुपाचा गोळा आणि पान त्याच्यासमोर टाकले. "पीस लावणारी जालंधरी. शिधा देणारी मेदाबाई. मूळ हिरवेबुवांकडे, उन्हात. सगळीकडे भरून ओसंडतंय, महाराज. अडलंय ते फक्त तुमच्यापाशी. मेल्या."

"पटले," राजा पुटपुटला. "कालच पटले होते. पण हात उचलत नाही. बाई, दोन दिवस माझ्या नाकाला खाज सुटली आहे. एवढे बळ समोर आहे, आणि नाक खाजवता येत नाही."

केवडाजवळ एकच पक्षी होता, एकच पीस. ते डंकनाथाला दिले तर नगाऱ्यावर एक ठोका पडला असता, नवरा तिच्याकडे पाहून एकदा हसला असता, आणि मग सगळे संपले असते. राजाला दिले तर? ज्याने जन्मात काही सोडले नाही, त्याच्या हातात राज्यातले शेवटचे पीस द्यायचे. आणि त्याच्या नाकाला खाज.

तिने नवऱ्याकडे पाहिले. डंकनाथाला बोलता येत नव्हते; त्याने डोळ्यांनीच राजाकडे खूण केली. केवडाला तो त्या घटकेला इतका आवडला की काही विचारू नका.

ती राजाकडे वळली. एक पाऊल, दोन पावले, तिसरे. अंबाडा सोडून तिने टिकल्याला राजाच्या खांद्यावर ठेवले, आणि तिथेच, हात पुढे केलेला, थिजली.

कट्ट. पीस मोडले. "येतो," टिकल्या म्हणाला.

राजाचा हात उचलला गेला. छातीपर्यंत आला. हनुवटीपर्यंत आला. नाकापाशी येऊन थबकला. अख्खे राज्य श्वास रोखून पाहत होते; तसाही कुणाकडे श्वास उरला नव्हता. राजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

मग हात नाकावरून पुढे गेला आणि पिंजऱ्याची कडी निघाली.

"ये रे बाबा," राजा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा.

दार उघडताच पिंजऱ्याची ओढ संपली, आणि भर्रकन पक्षी सुटले. कट्ट, कट्ट, कट्ट. पहिला डंकनाथाच्या खांद्यावर, आणि नगाऱ्यावर धम्म! भजी तेलात पडली, पोहरा विहिरीबाहेर आला, पैलवान एकमेकांना सोडून लाजले. आकाशभर "येतो, येतो" झाले, आणि वाकडेतिकडे उडत सारे दुपिसे वेशीबाहेर गेले. भट्टीवरून चिंग्यांची आरोळी नगरापर्यंत ऐकू आली.

राणी शरावतीच्या खांद्यावर पक्षी बसला तशी ती म्हणाली, "...सोडा!"

"सोडले," राजा म्हणाला.

राणीने रिकामा पिंजरा पाहिला, राजाला पाहिले. तिचे बोट अजून त्याच्या नाकासमोर उगारलेले होते. पुढचे सगळे बोलणे तिच्या तयारीत होते, पण ऐकणारा आधीच शहाणा झाल्यामुळे तिची पंचाईत झाली.

"तेवढे नाक," राजा केविलवाण्या स्वरात म्हणाला. राणीने त्याच बोटाने त्याचे नाक खाजवले. अशा सुखाची चव राजाने उभ्या जन्मात घेतली नव्हती.

डंकनाथाने टिपरी एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने बायकोला जवळ ओढले. "अगं, तुझ्या भुवया कुठेत?"

"येतील परत," केवडा म्हणाली.

अवघडनाथ मांत्रिकाला निरोप गेला. तो आला, पानात अख्खा लाडू पाहून त्याने पिंजऱ्यावरचा मंत्र काढून घेतला, आणि जाताना आणखी दोन लाडू मागितले. राजाने एक दिला. एकदम फार बदल कुणालाच झेपत नाही. पिंजऱ्यावर पुढे केवडाने दोडक्याचा वेल चढवला.

आणि राजा संचितसेन रोज सकाळी अंगणात येऊन उभा राहू लागला. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक पक्षी त्याच्या खांद्यावर बसे, पीस मोडून देई आणि म्हणे, "येतो." राजा त्याची जाणारी पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाही. छातीत अजून थोडे धस्स होई. मग तो मोठ्याने म्हणे, "ये."

तो येई.